'ळ' म्हणून दाखवा!

मराठी घरात अमराठी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याची एक तोंडी परीक्षा होते. "'बाळ' म्हणून दाखवा बघू! 'बाल' नाही हो... बाऽऽळ. जीभ अशी मागे वळवायची." पाहुणा बिचारा जीभ वळवतो, सगळे हसतात, एखादी आत्या टाळ्या वाजवते आणि मग पोहे येतात. आमच्या गोतावळ्यात गेल्या वीस वर्षांत एक गुजराती जावई, एक तमिळ जावई, एक लखनौची सून आणि एक जर्मन सून आली. (नावं घेत नाही, वाचणाऱ्यांना कळतीलच. :-) ) पैकी दोन्ही जावयांनी परीक्षकांचा पार विरस केला. गुजरातीत 'ळ' आहेच आणि तमिळमध्ये तर 'ळ'च्या पलीकडचं आणखी एक अक्षर आहे, जे म्हणताना आमच्या परीक्षक मंडळींचीच बोबडी वळली.

पण खरी गंमत पुढे आहे. जर्मन सून "माझा नाव..." म्हणाली की सगळे म्हणतात, "अय्या, किती गोड!" लखनौची सून तेच "माझा नाव" म्हणाली की तिला सांगतात, "राहू दे गं, हिंदीत बोल, कळतं आम्हाला." चूक एकच. नपुंसकलिंग दोघींनाही छळतं. मग एकीला टाळ्या आणि दुसरीला सुट्टी, असं का? ह्या प्रश्नाच्या मागे लागलो तर लक्षात आलं की हा आमच्या घरापुरता मामला नाही. आपली भाषा कोणी मोडकीतोडकी बोलू लागलं की आपण काय करतो, ह्याला चांगला दोन-अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे. त्यातला जमेल तेवढा इथे मांडतो.

सुरुवात जरा भीषण आहे. बायबलच्या जुन्या करारात शास्ते नावाचं पुस्तक आहे. त्यात गिलाद आणि एफ्राईम ह्या दोन टोळ्यांच्या लढाईची गोष्ट येते. हरलेले एफ्राईमी यार्देन नदी ओलांडून पळू लागले, तेव्हा गिलादच्या लोकांनी उतार अडवले आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' हा शब्द म्हणायला लावला. एफ्राईमींना 'श' जमत नसे, ते 'सिब्बोलेथ' म्हणत. म्हणाला की मारला. त्या पुस्तकात मृतांचा आकडा ४२,००० दिला आहे. आकडा खरा-खोटा कसाही असो, एका अक्षरावरून माणूस आपला की परका हे ठरवण्याची खोड किती जुनी आहे ते त्यातून कळतं. ग्रीकांना परक्यांचं बोलणं 'बर-बर' असं ऐकू येई, म्हणून ते सगळे 'बार्बारोस'. रशियन भाषेत जर्मन माणसाला जो शब्द आहे, त्याचं मूळ 'मुका' ह्या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे ज्याला आमची भाषा येत नाही, त्याला वाचाच नाही!

आपल्याकडेही काही वेगळं नव्हतं. 'म्लेच्छ' हा शब्द ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ अस्पष्ट, अशुद्ध बोलणे. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, व्याकरण का शिकावं ह्याची कारणं दिली आहेत. त्यात एक गोष्ट अशी की असुरांनी शत्रूला उद्देशून बोलताना 'र'च्या जागी 'ल' म्हटलं आणि त्यांचा पराभव झाला. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पण त्याच प्रकरणात दुसरी एक गोष्ट आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. काही ऋषी होते, मोठे ज्ञानी. ते रोजच्या बोलण्यात दोन साधे शब्द चक्क चुकीचे उच्चारत आणि त्यावरून त्यांना नावच पडलं होतं. मात्र यज्ञात ते शुद्ध बोलत. पतंजलीचं त्यांच्याबद्दल काहीही वाईट मत नाही. म्हणजे यज्ञ वेगळा आणि ओसरीवरच्या गप्पा वेगळ्या, एवढा विवेक त्या कडक व्याकरणकाराला होता. आपण बऱ्याचदा गप्पांचाच यज्ञ करून टाकतो.

आता मराठीकडे येऊ. इथे मला फार आवडणारी एक गोष्ट सापडते. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी ह्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसामाणसाला भेटून, विचारून, पारखून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकत्र केल्या. आणि हे चक्रधर मूळचे कुठले? तर परंपरेनुसार गुजरातेतले, भडोचचे, तिथल्या प्रधानाचे पुत्र. म्हणजे आपल्या गद्याचा आरंभ ज्या माणसाच्या बोलण्यातून झाला, त्याच्या आईची भाषा मराठी नव्हती. मराठी ही त्यांनी मोठेपणी, हिंडता हिंडता, लोकांत मिसळून उचललेली भाषा. त्या काळी त्यांच्या एखाद्या शब्दाला वऱ्हाडात कोणी हसलं असेल की नाही, कोण जाणे. पण शिष्यांनी त्यांचा शब्द न् शब्द जपला. त्यांच्यानंतर पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांना केशवदेवांनी संस्कृतात लिहिण्याविषयी विचारलं, तेव्हा आचार्यांनी नको म्हणून सांगितलं. का? तर त्याने माझ्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही! एका गुजराती माणसाच्या शिष्यांनी मराठी म्हाताऱ्यांसाठी धरलेला हा हट्ट. पुढे हे ग्रंथ पंथाच्या सांकेतिक लिपीत बंद होते, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे ह्यांच्यासारख्या संशोधकांमुळे बाकीच्या महाराष्ट्राला कळले.

आणि चक्रधर कशाला, आपल्या विठोबालाच संतांनी 'कानडा' म्हटलं आहे. देवच जर परभाषक, तर त्याची कसली परीक्षा घ्यायची! पंढरीची वारी करणाऱ्यात कानडी मुलखातली माणसं आजही असतात. भीमसेन जोशी तर गदगचे. त्यांच्या अभंगवाणीत कुठे कुठे कानडी वळण कानाला जाणवतं, पण आषाढीला रेडिओसमोर बसलेल्या एकाही आजीने "ह्यांचा उच्चार बघा" असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. भक्तीचा प्रांत आला की आपली परीक्षा बंद पडते, हे आपल्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

ह्यानंतरचे मोठे परभाषक म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातला हा माणूस १५७९ साली ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये तिकडेच वारला. चाळीस वर्षं! मुक्काम मुख्यतः साष्टीत. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते असं नोंदवून ठेवलं. ही गोष्ट पंडितांच्या चर्चेत यायला पुढे दोनशे वर्षं गेली. १६१६ साली त्याचं क्रिस्तपुराण रायतूर, म्हणजे राशोल, इथे रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. भाषा मराठी, पण त्यात कोकणी शब्दांची पेरणी, कारण ऐकणाऱ्यांच्या घरात कोकणी होती.

आपण मराठी माणसं स्टीफन्सचं नाव केव्हा काढतो? त्याने मराठीची स्तुती केली म्हणून. तेवढ्या ओव्या शाळेच्या पुस्तकात येतात, आपली छाती फुगते आणि बाकीच्या दहा हजारांहून जास्त ओव्या कोणी उघडत नाही. पण ज्यांच्यासाठी पुराण लिहिलं, त्या लोकांनी त्याचं काय केलं ते बघा. त्यांनी ते चर्चमध्ये गायलं, पाठ केलं. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. गोव्यातून कुटुंबं मंगळूरकडे गेली, तेव्हा हस्तलिखितं बरोबर गेली आणि १९०७ साली मंगळूरलाच ते पुन्हा छापलं गेलं. पहिल्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज शिल्लक नाही, गाणाऱ्यांनी आणि नकलून घेणाऱ्यांनीच ग्रंथ जगवला. एका इंग्रजाची कोकणीमिश्रित मराठी 'शुद्ध' आहे का, हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांनी ती आपलीशी केली, विषय संपला.

ह्याच्या अगदी उलट बाजूही त्याच गोव्यात दिसते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी 'पाखंडी' म्हणून इथल्या भाषांमधली पुस्तकं नष्ट केली आणि १६८४ साली तिथल्या व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिकांना तीन वर्षांत पोर्तुगीज शिकायला आणि कोकणी सोडायला सांगितलं. मुदत घालून भाषा शिकवण्याचा तो सरकारी प्रयत्न. कोकणी आजही आहे, आणि घरात पोर्तुगीज बोलणारी गोव्यातली कुटुंबं मात्र आता हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. ज्यांना मराठीच्या बाबतीत अशा मुदती घालाव्याशा वाटतात, त्यांनी ह्यावर जरा विचार करावा, हे आपलं माझं मत.

असो. आता इंग्रजी अमदानी. विल्यम कॅरी हा मिशनरी बंगालात बसून मराठी शिकला, पंडित वैजनाथांच्या मदतीने. १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण आलं, १८१० मध्ये कोश. पण ज्या मुलखाची भाषा, तो मुलूख दूर. पुढे मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना श्रीरामपूरचं मराठी बायबल इथल्या लोकांना समजण्याजोगं वाटलं नाही आणि त्यांनी भाषांतर नव्याने केलं. पुस्तकातून आणि एका पंडिताकडून शिकलेल्या भाषेला माणसांचा वारा लागलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

वारा कसा लागतो ते बघायचं असेल तर जेम्स मोल्सवर्थ बघावा. सोळाव्या वर्षी लष्करात भरती होऊन हा मुलगा हिंदुस्थानात आला. पुढे टॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ आणि इथले शास्त्री-पंडित ह्यांना बरोबर घेऊन त्याने मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७, सुमारे साठ हजार शब्दांची. ह्या कोशात पोथीतले शब्द आहेत, तसे शेतातले आहेत, बायकांच्या बोलण्यातले आहेत, म्हणी आहेत आणि चारचौघांत उच्चारू नयेत असेही आहेत. लोकांनी त्याचं नावच 'मोलेसर शास्त्री' करून टाकलं. मला ह्या नावाचं फार कौतुक वाटतं. साहेबाला आपलं नाव नीट उच्चारता येत नाही म्हणून आपण हसतो, पण इथे लोकांनी साहेबाचं नाव आपल्या जिभेला सोयीचं करून घेतलं आणि वर शास्त्रीपणाची शाल पांघरली. आपल्याला 'मोल्सवर्थ' म्हणता येईना, त्याबद्दल त्यानेही कधी आपली परीक्षा घेतली नसावी.

थोरल्या कौतुकाची दुसरी बाजूही आहे, आणि ती मेजर टॉमस कँडी ह्यांच्या निमित्ताने पुढे येते. कँडी पुढे सरकारचे मराठी भाषांतरकार झाले. सरकारी आणि शाळेची मराठी पुस्तकं त्यांच्या नजरेखालून जात. आज आपण लिहिताना स्वल्पविराम आणि पूर्णविराम देतो, ती विरामचिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय त्यांना जातं. (म्हणजे ह्या लेखातल्या शेकडो टिंबांबद्दल त्यांचे आभार.) पण विचार करा. मातृभाषा मराठी असलेल्या लेखकाने लिहायचं आणि ती मराठी बरोबर आहे की नाही, हे ठरवायचं इंग्रजाने! ह्याचा राग येणं स्वाभाविक होतं. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली आणि इंग्रजी वळणाच्या ह्या शालेय, भाषांतरित मराठीवर कोरडे ओढले. सात वर्षांत ८४ अंक. स्वतःला 'मराठी भाषेचे शिवाजी' म्हणवणारे शास्त्रीबुवा बत्तिसाव्या वर्षी, १८८२ मध्ये गेले. त्यांनी मराठी गद्याला दिलेला दिमाख कोणी नाकारत नाही.

पण त्याच निबंधमालेत, त्याच लेखणीने, आणखी एका माणसाची मराठी तपासली गेली. जोतीराव फुले ह्यांची. फुले काही परदेशी नव्हते. पुण्यातच जन्मले, पुण्यातच वाढले, मराठी हीच त्यांची आईची भाषा. १८७३ मध्ये त्यांचं 'गुलामगिरी' आलं, त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज उभा राहिला. शास्त्रीबुवांनी त्यांच्या पुस्तकांचा समाचार घेतला, तेव्हा मुद्द्यांइतकाच, कधी जास्तच, भर होता व्याकरणावर आणि शब्दांच्या चुकांवर. ज्याला नीट लिहिता येत नाही, तो काय आम्हाला शहाणपण शिकवणार, हा त्यातला सूर.

इथे माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ आहे. परकीयाच्या चुकीला आपण कौतुकाने हसतो, कारण त्याच्याकडून आपली काही अपेक्षा नसते. 'येत नसतानाही बोलतोय' हेच त्याचं भांडवल. पण आपल्यातलाच माणूस वेगळं बोलला की तो 'चुकला' असं ठरतं. आणि ठरवतो कोण? ज्याच्या घरची बोली पुस्तकात गेली तो. फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' ज्या भाषेत लिहिलं, तिच्यात कुणब्याच्या घराचं, त्याच्या कर्जाचं, त्याच्या भाकरीचं इतकं तपशीलवार वर्णन आहे की तेव्हाच्या शुद्ध मराठीत ते मावलंच नसतं, कारण त्या मराठीला त्या घरात जाण्याचा प्रसंग फारसा आला नव्हता. १८८५ मध्ये ग्रंथकारांच्या सभेचं आमंत्रण आलं, ते फुल्यांनी पत्र लिहून परत केलं. जे सगळ्या माणसांना माणसाचे हक्क देत नाहीत, त्यांच्या सभांशी आमचं जमायचं नाही, असा त्या पत्राचा आशय. महाराष्ट्र शासनातर्फे त्यांचं समग्र वाङ्मय प्रसिद्ध व्हायला १९६९ साल उजाडावं लागलं.

आता पुन्हा 'ळ'कडे. आपण पाहुण्याला जे अक्षर म्हणायला लावतो ते मराठीचं निशाण, असं आपण समजतो. पण खानदेशात, वऱ्हाडात पुष्कळ ठिकाणी 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. कोकण किनाऱ्यावर आगरी-कोळी बोलीत 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' ऐकू येतो. बहिणाबाई चौधरींचा 'वढाय' हा शब्द उभ्या महाराष्ट्राला पाठ आहे. तो शब्द म्हणजे आपला 'ओढाळ'. म्हणजे बहिणाबाई आमच्या दिवाणखान्यात आल्या असत्या तर 'ळ'च्या परीक्षेत नापास! त्या १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या. लिहिता-वाचता न येणारी ही बाई आज पाठ्यपुस्तकात आहे. पण ज्या वर्गात तिची कविता शिकवतात, त्याच वर्गात "पानी नाही, पाणी म्हण" असं सांगून पोराला खाली बसवल्याच्या हकिकती माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी सांगितल्या आहेत. 'ळ' ही पाहुण्याची गमतीची परीक्षा, 'ण' ही घरच्यांची खरी परीक्षा. पहिलीत नापास झालं तर पोहे मिळतात. दुसरीत नापास झालेला मुलगा पुढे वर्गात तोंड उघडत नाही.

ह्या दुसऱ्या परीक्षेचा मुळातून अभ्यास केला तो पुन्हा एका परदेशी बाईने, हाही एक योगायोगच. मॅक्सीन बर्नसन ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात फलटणला आल्या. गावातल्या वेगवेगळ्या थरांतले लोक मराठी कशी वेगवेगळी बोलतात, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. प्रबंध १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मान्य झाला, पण बाई परत गेल्या नाहीत. १९७८ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं, पुढे प्रगत शिक्षण संस्था उभी केली. शाळेत मागे पडणाऱ्या, दलित आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांना वाचायला शिकवणं हे त्यांनी आयुष्याचं काम केलं. मुलांच्या त्या मॅक्सीन मावशी. परक्या माणसाच्या कानाला जे ऐकू आलं, ते आपल्याला घरात राहून ऐकू आलं नव्हतं. 'पानी' म्हणणारा मुलगा चुकत नाहीये, तो त्याच्या आईची मराठी बोलतोय.

हसण्याबद्दलही थोडं. आपल्या नाटक-सिनेमांत पारशी, भैया, मारवाडी, मद्रासी ह्यांची मराठी हा हुकमी हशा. सगळं हसणं वाईट नसतं. पु. लं.चे पेस्तनकाका ऐकताना हसू येतं, पण त्या पारशी बाबावर जीवही जडतो. लेखकाने माणूस आधी बघितला आहे, उच्चार नंतर. मात्र बऱ्याच ठिकाणी उच्चारापुढे माणूस येतच नाही. आपल्याच मालवणीचं बघा. वर्षानुवर्षं मराठी नाटकात मालवणी बोलायचा तो घरगडी. १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळींनी रंगभूमीवर आणलं, हजारो प्रयोग झाले, आणि गड्याची भाषा नायकाची झाली. प्रेक्षक आधीही हसत होते, नंतरही हसले. फक्त आता मालवणी माणूसही त्यांच्याबरोबर हसत होता.

आणि मंडळी, हे सगळं उलट्या बाजूनेही बघायला हवं. आपली माणसं परभाषेत गेली तेव्हा काय झालं? साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर गुजरातीत लिहू लागले, तेव्हा गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटलं. १९६५ चा साहित्य अकादमीचा गुजराती पुरस्कार ह्या मराठी माणसाला मिळाला. सखाराम गणेश देउस्करांनी १९०४ मध्ये 'देशेर कथा' लिहिलं ते बंगालीत, आणि बंगालने ते डोक्यावर घेतलं. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे ह्यांच्या घरात मराठी, पण १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड कवी म्हणून. मुक्तिबोधांच्या घरात तर एक भाऊ, गजानन माधव, हिंदीचा थोर कवी आणि दुसरा, शरच्चंद्र, मराठीचा. ह्या सगळ्यांच्या पहिल्या पहिल्या वाक्यांत लिंग-वचनाच्या चुका झाल्याच असतील. कोणीतरी त्या ऐकून घेतल्या, पुढचं वाक्य बोलू दिलं, म्हणून हे लेखक झाले. त्या त्या भाषांनी आपल्या माणसांना जेवढी जागा दिली, तेवढी आपण इतरांना देतो का?

आज हा प्रश्न पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते. त्याखेरीज दीड कोटीहून जास्त लोकांनी मराठी ही आपली दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून नोंदवली. म्हणजे मराठी येणाऱ्या साधारण सहा माणसांत एक जण ती शिकून बोलणारा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. २०२५ मध्ये मराठी बोलण्यावरून मुंबईच्या आसपास वाद मारहाणीपर्यंत गेले, तेही आपण पाहिलं. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, ही अपेक्षा मला अगदी रास्त वाटते. पण नदीच्या उतारावर उभं राहून शब्द म्हणायला लावणं वेगळं आणि भाषा शिकवणं वेगळं.

आणि मारहाण ही तर क्वचितची गोष्ट. रोज घडतं ते दुसरंच. भाजीवाला, रिक्षावाला, इमारतीचा रखवालदार धीर करून मराठीत एक वाक्य बोलतो आणि आपण त्याला हिंदीत उत्तर देतो. आपल्याला वाटतं आपण त्याची सोय केली. त्याला कळतं ते एवढंच, की आपली मराठी काही चालत नाही. दोन-चारदा असं झालं की तो प्रयत्न सोडून देतो. मग आपणच संध्याकाळी म्हणतो, "तीस वर्षं इथे राहतात, पण मराठी म्हणून शिकत नाहीत!" हसलो तरी चालेल, पण उत्तर मराठीत द्यावं. चूक सुधारायचीच असेल तर त्याच्या तोंडावर व्याकरण मारायची गरज नाही. तो म्हणाला, "माझा दुकान त्या गल्लीत आहे," तर आपण म्हणावं, "हो का? तुमचं दुकान म्हणजे ते पिठाच्या गिरणीशेजारचं का?" बोलणं पुढे चालू राहतं, 'तुमचं' हा शब्द त्याच्या कानावर पडतो आणि पुढच्या खेपेला नाही तर त्याच्या पुढच्या खेपेला 'माझं' आपोआप येतं. नाहीच आलं, तरी दुकान कुठे आहे ते तर कळलंच ना.